नवारीची बैठक

आई, ती खुर्ची सापडली. आखातात, बरक्याला, बाबांच्या गाद्या-पडद्यांच्या दुकानात एक अमेरिकन मॅडम घेऊन आल्या होत्या ती, शिडीसारख्या पाठीची, बसायची जागा पार फाटलेली. बाबांनी नेहमीसारखं "इन्शाल्ला, हो जाएगा" म्हणून ठेवून घेतली आणि दुपारी जेवायला मागच्या खोलीत आले ते ती डोक्यावर उलटी घेऊनच. "हे तुझं काम," ते तुला म्हणाले. तू चपात्या लाटत होतीस. पिठाच्या हातानेच फाटक्या पट्टीचं टोक चिमटीत धरलंस आणि म्हणालीस, "ही तर नवार." आपल्या खाटेसाठी गावाहून आणलेलं नवारीचं वेटोळं तू त्या खुर्चीला लावलंस. आपली खाट फळ्यांचीच राहिली.

तेव्हा मी शाळेत जात नव्हते. इंडियन स्कूल लांब, अल् घुब्र्याला. रोज नेणार कोण? म्हणून माझी शाळा तुझ्या ओट्याखाली भरायची. अक्षरं परातीतल्या पिठात, हिशेब लसणीच्या पाकळ्यांवर. त्या शाळेत चुकीला एकच शब्द होता, "उसव". टाका असो की अक्षर, पहिल्यापासून पुन्हा. आता मी एका शाळेच्या लायब्ररीत काम करते, आणि साधी मेलसुद्धा दहादा वाचल्याशिवाय पाठवत नाही. मुलं हसतात. त्यांना काय सांगू?

काम कुठवर आलं ते बघायला मॅडम मध्येच येऊन गेल्या. तुझ्या हातचा चहा घेत मोडक्या हिंदीत त्यांनी खुर्चीची हकीकत सांगितली. त्यांच्या गावाजवळ शेकर नावाच्या पंथाची वसाहत होती. ती माणसं लग्न करत नसत, बायका-पुरुष भावंडांसारखे राहत, प्रार्थनेत नाचत, आणि केर काढताना आड येऊ नये म्हणून खुर्च्या भिंतीवरच्या खुंट्यांना टांगून ठेवत. ही खुर्ची तिथलीच, आणि शेवटी ती गावच्या संग्रहालयात जाणार. मॅडम गेल्यावर तू मला विचारलंस, "लग्न नाही, पोरं नाहीत, मग एवढ्या खुर्च्या कोणासाठी गो?" बाबा म्हणाले, "पाहुण्यांसाठी. पोरं नाहीत म्हणजे घर स्वच्छ, पाहुणे खूश." तू हसली नाहीस. तुला खरंच उत्तर हवं होतं. तो प्रश्न माझ्याकडे राहिला.

त्या प्रश्नापायीच यंदा मी इंटरनेटवर शोधत बसले आणि त्या गावातल्या इतिहासप्रेमींनी चालवलेल्या छोट्याशा संग्रहालयाचं पान उघडलं. फोटोत खुर्ची भिंतीला टांगलेली. खाली लिहिलेलं, बैठक मूळ पट्ट्यांची. मी फोटो मोठा केला. मागच्या डाव्या पायाजवळ दोन पट्ट्या लागोपाठ वरून गेल्यात.

तो कोपरा मी विणला होता. तू टोक माझ्या हातात दिलंस, मी मोठ्याने "एक वर, एक खाली" म्हणतेय, आणि दारात बकरी येते. लक्षात आलं तोवर पुढच्या पट्ट्या ओढून घट्ट झाल्या होत्या. मी "उसव"ची वाट बघतेय. तू अंगठ्याने ती जागा दाबतेस. "राहू दे. बसलं की दिसत नाही." खुर्ची न्यायला आलेल्या मॅडमचं बोट नेमकं तिथेच थांबलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मेरे से हुआ, मॅडम. आँख कमजोर है." सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवणारी तू.

ती बैठक मूळ नाही, हे मला कळवायला हवं होतं. पण कळवलं की ते ती कापून काढतील, या भीतीने मी कितीदा लिहिलं आणि पुसलं. मी शाळेत जायला लागले आणि थोड्याच दिवसांत तू गेलीस. बाबांनी ती खोली सोडली. तू शिवलेल्या गोधड्या वापरून विरल्या. तुझ्या हातचं एवढंच उरलंय, आणि तेही परक्यांच्या भिंतीवर. शेवटी कळवलं. खोटी पाटी लावलेल्या भिंतीवर तुला टांगून ठेवणं मला जमेना.

संग्रहालयातल्या बाईंचं उत्तर आलं. त्यांना रागबिग आला नव्हता. शेकर माणसंसुद्धा पट्ट्या झिजल्या की नव्या विणत, म्हणून बैठक आहे तशीच राहील, पाटी तेवढी बदलू, असं त्यांनी लिहिलं. मी तुझा प्रश्नही विचारला होता. ती माणसं अनाथ मुलं सांभाळत, आई. मुलांना हातकाम शिकवत. खुर्च्या त्यांच्यासाठीही होत्या. हे तुला आवडलं असतं. मग वाटतं, त्या मुलांना कोणी "उसव" म्हणत असेल का, आणि "राहू दे" कधी म्हणत असेल? त्या दिवशी तू "राहू दे" का म्हणालीस, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी त्या बाईंनी सहज विचारलं होतं, मागच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या एकत्र का गेल्यात, काही सांगता येईल का?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. मी लिहिलं, "आईची नजर तेव्हा कमजोर झाली होती." आणि एकदाही न वाचता पाठवून दिलं.