कानाने मोजलेले चाळीस

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं.

मुद्दा गाडीच्या स्पीडोमीटरचा. काटा दोन वर्षांपासून शून्यावर पडून आहे. माझं कधी अडलं नाही. एकतीस वर्षं गाडी चालवतोय, वेग मला कानाने कळतो. इंजिनाचा आवाज एका सुरात लागला की चाळीस. त्याच्यावर मी जात नाही.

नोव्हेंबरात वळणावर दिव्याच्या खांबाला धडकलो, तेव्हाही चाळीसच होतो. पोलिसांना तसं सांगितलं, त्यांनी तसं लिहून घेतलं. हिने जबाबात सांगितलं की डोळा लागला होता, काही दिसलं नाही. रस्त्यावर ऑइल सांडलेलं असणार. मला खरचटलंसुद्धा नाही, हिचं खुब्याचं हाड मोडलं. नशीब, दुसरं काय.

गाडी डिसेंबरातच ठोकून-रंगवून आली. ही मात्र तिच्यात पाय ठेवत नाही. वॉकर घेऊन फिजिओथेरपीला टॅक्सीने जाते, एकटी. काल शेवटी विचारलंच. म्हणाली, “वेग कळत नाही त्या गाडीत मी बसणार नाही.”

म्हणजे अडचण फक्त मीटरची आहे. एवढंच होतं तर चार महिने आधी सांगायचं.

पुढच्या सोमवारी अकराची वेळ आहे. त्या दिवशी ही आपल्याच गाडीतून जाणार. काम मी स्वतः करणार. गॅरेजवाल्याच्या नादी लागायचं नाही.

४ मार्च. सकाळी ९
निदान झालं. काट्याबरोबर किलोमीटरचे आकडेही थांबलेत, म्हणजे मीटर ठीक, केबल तुटली. गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डच्या मागे एक नळी येते, तिच्यात तार. चाकं फिरली की तार फिरते, तार फिरली की काटा हलतो. आपल्या हातचा मळ. अर्धा तास.

४ मार्च. संध्याकाळी ६
अर्ध्या तासाला आठ तास लागले. मीटर बाहेर काढताना काच तडकली. काच मुळातच कमजोर होती. मागून केबल सोडवली, तार पक्कडीने ओढली, तर हातभर तुकडाच हातात आला. टोक उंदराने कुरतडल्यासारखं. निदान अचूक!

तुकडा हिला दाखवायला नेला. खुर्चीत बसून भाजी निवडत होती. बघितलं, हातात घेतला नाही. आनंद चेहऱ्यावर दाखवायची हिला पहिल्यापासून सवय नाही.

एक स्क्रू उरलाय. कुठला ते नंतर बघू.

६ मार्च, गुरुवार
केबल आणली. दुकानदार म्हणे, जुनी नमुन्याला आणायला हवी होती. मी लांबी हातांनी दाखवली. अंदाज माझा पक्का असतो.

वीतभर आखूड निघाली. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्या दुकानदारालाच लागू. स्वतःला मापाचं काही कळत नाही आणि गिऱ्हाइकाला शिकवतो.

७ मार्च
जुनी घेऊन गेलो, केवळ त्याच्या समाधानासाठी. दुसरी आणली. गाडी जॅकवर चढवून खाली शिरलो. गिअरबॉक्सकडचं टोक बसेना. डोळ्यात काळं तेल गेलं, पाठ धरली. बाहेर यायला वीस मिनिटं लागली.

मुलीचा फोन. गाडी विकून टाका म्हणते. मी सांगितलं, सोमवारी तुझी आई याच गाडीतून फिजिओला जाणार आहे. तिने विचारलं, “आई असं म्हणाली?”
रेंज नीट नव्हती. फोन ठेवला.

८ मार्च, शनिवार
गॅरेजवाल्याकडे गेलो. याचा अर्थ माघार घेतली असा नाही. गाडीखाली उभं राहायला त्याच्याकडे खड्डा आहे, माझ्याकडे नाही.

पंधरा मिनिटांत बसवली. सांगत होता, काका, तारेला ग्रीस लावायचं, नळीला आवळून वळण द्यायचं नाही, नाहीतर काटा थरथरतो. मला हे माहीत होतं. त्याला माहीत आहे की नाही ते बघायचं होतं. उरलेला स्क्रूही त्यानेच लावला.

उद्या चाचणी. परवा ही शेजारच्या सीटवर.

९ मार्च, रविवार. सकाळी ८
बाहेरचा रस्ता मोकळा होता. नेहमीच्या चाळीसला लावली. आवाज एका सुरात. मग खाली बघितलं.

अठ्ठ्याहत्तर.

मीटर चुकीचा आहे. केबल दुसऱ्याच मॉडेलची दिली त्या गाढव दुकानदाराने.

दुपारी १
ती तशीच बसवली म्हणून गॅरेजवाल्याला झाडलं. त्याने ऐकून घेतलं, हात पुसले, शेजारी येऊन बसला. फोनवर वेग दाखवणारं काहीतरी लावलं. म्हणाला, चला काका, तुमच्या चाळीसने.

चालवली. काटा अठ्ठ्याहत्तर, फोन एकोणऐंशी.

परत येताना काट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, फक्त कान. वळणाच्या आधी त्याने डॅशबोर्ड धरला आणि म्हणाला, ब्रेक मारा. मारला. त्याने फोन माझ्यापुढे धरला होता. ब्रेक मारायच्या आधी त्यावर एक्क्याऐंशी होते. वळण तेच. खांब नवा बसवलाय.

उतरताना एवढंच म्हणाला, मीटर चांगला लागलाय.

१० मार्च, सोमवार. सकाळी साडेनऊ
हिने विचारलं, मीटर लागला का. लागला म्हटलं. मग विचारलं, तुमच्या चाळीसला किती दाखवतो.
मी म्हटलं, केबल नवी आहे, अजून बसायची आहे, दोन-चार आकडे इकडेतिकडे होणारच.

हिने वॉकर बाजूला सरकवला आणि पलंगावर बसली.
“मी झोपले नव्हते हो त्या दिवशी. दोनदा म्हणाले, हळू चालवा. तुम्ही म्हणालात, चाळीसच आहे.”

मी विचारलं, मग जबाबात का तसं सांगितलंस.
“तुम्ही पोलिसांच्या मागे उभे होतात. माझ्याकडे बघत होतात.”

मला यातलं काही आठवत नाही, असं इथे लिहिणार होतो. आठवतं. दोन्ही वेळा ऐकलं होतं. दुसऱ्यांदा मला तिचा राग आला होता.

दुपारी २
टॅक्सी बोलावली. बरोबर येऊ का, विचारलं. हो म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. मी पुढे बसलो. मागे ही खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरून.

टॅक्सीवाल्याचा काटा मला दिसत होता. चाळीस. रस्ताभर चाळीस. दुकानांच्या पाट्या सावकाश वाचता येत होत्या. फुटपाथवर एक म्हातारी चपलेचा पट्टा नीट करत होती, तिचं काम होईपर्यंत ती दिसत राहिली. दिव्याचे खांब एकेक मोजता येत होते.

चाळीसला गाडी इतकी हळू चालते, हे मला माहीत नव्हतं.