न झालेल्या सभेवरची सही

गुरुवार, दिवेलागण

आज ग्रामपंचायतीचा शिपाई ग्रामसभेचं रजिस्टर घेऊन घरी आला. सभा झालीच नाही, पण सह्या पाहिजेत. मी सवयीनं केली. आमच्या हिनं केली नाही. आधी वर काय लिहिलंय ते मला वाचायला लावलं. ‘गावात पाण्याची तक्रार नाही.’

"मंग मी रोज हापशीवर फिराले जातो काय?" ती म्हणाली.

शिपाई हसला. "काकू, काकानं तं केली."

ती सही डोळ्यांपुढून हटत नाही. खोडून मागावी का? सरपंच चिडला तर? शेवटी हिलाच विचारलं.

"उद्या दोघंबी पंचायतीत जाऊ. तुमाले भेव वाटलं तं मी बोलीन."

चाळीस वर्षांच्या संसारात हिला ‘सभेला चल’ म्हणायचं मला कधी सुचलंच नाही.