छडीमायची पाठवणी

चोपडा तालुक्यातून,
रविवार, सकाळची पूजा आटोपून

गुरुवर्य झुलाल नाना यांच्या चरणी, त्यांच्या हातून सर्वांत जास्त मार खाल्लेल्या योगराजचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? तुमचा नातू भूषण सांगत होता, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तुम्ही रोज गच्चीवर जाता. म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे, ऐकून समाधान वाटलं. आमच्याकडे देवाच्या दयेने सगळं ठीक. खरं तर फोनच करणार होतो, पण तुम्ही पलीकडून नुसतं ‘काय रे?’ म्हणालात की पन्नाशीला टेकलेला हा मुख्याध्यापक खुर्चीतून उभा राहतो आणि काय बोलायचं होतं तेच विसरतो. म्हणून पत्र.

जूनमध्ये मला जळगावला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय असा, की अख्ख्या शाळेने मिळून मुलांना शिक्षा न करता शिस्त लावायची. मुलाची चूक हुडकायची नाही. ते नीट वागत असताना त्याला पकडायचं आणि काय चांगलं केलं ते नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगायचं. (हसा. तुमच्या वर्गात आम्ही नीट वागताना सापडलो असतो, तर निव्वळ संशयावरून दोन बसल्या असत्या.) सरावासाठी प्रत्येकाने शेजाऱ्याचं कौतुक करायचं होतं. माझ्या शेजारी वरणगावकडचे एक गुरुजी होते. मी बराच वेळ त्यांना न्याहाळलं आणि म्हणालो, ‘तुमचा शर्ट स्वच्छ आहे.’ ते म्हणाले, ‘तुमचापण.’ मग आम्ही दोघं घाम पुसत बसलो. आपल्याकडच्या माणसाला शिवी सहज येते, कौतुक मात्र घशात अडकतं.

गावी परतून मी योजना लागू केली. आमच्या ज्योत्स्ना मॅडम उत्साही, त्यांनी नियमांचे रंगीत तक्ते लावले आणि नियम सगळ्यांना सारखे असं जाहीर केलं, म्हणजे गुरुजींना आणि खिचडी शिजवणाऱ्या सुंदरबाईंनाही. आठवडाभरात मुलं आमच्यापेक्षा हुशार निघाली. कौतुक व्हावं म्हणून चौथीची पोरं आधी सगळ्यांच्या चपला उधळायची आणि मग त्याच ओळीत लावायची. व्हरांडा पुसायला मिळावा म्हणून त्यावर पाणी सांडायची. परिपाठात एका मुलीने माझंही कौतुक केलं, की आज सर मधल्या सुट्टीनंतर घोरले नाहीत. टाळ्या पडल्या.

आता मूळ दुखण्याकडे येतो. योजनेत छडीला समारंभाने निरोप द्यायचा होता. छडी म्हणजे तुमचीच. मला नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन आलो, तेव्हा तुम्ही पेढे ठेवून घेतलेत आणि ही वेताची छडी हातात दिलीत. (सव्वीस वर्षांत ती मी बहुतेक वेळा टेबलावरच आपटली. हिलाल नावाच्या मुलाच्या हातावर मात्र एकदा जोरात बसली होती. तो आता केळीच्या गाड्या भरतो, आणि रस्त्यात दिसलो की तोच हात उंच करून हाक मारतो. मी दरवेळी मान खाली घालतो.) तर निरोपासाठी मी श्रावणातला सोमवार निवडला. त्या दिवशी गावात कानबाईचं विसर्जन असतं. बायका डोक्यावर देवी घेऊन वाजतगाजत नदीवर जातात. म्हटलं, गर्दी तयार, बँड तयार, आपली छडीही त्यातच उरकून घेऊ. नाना, एवढी अक्कल मी आयुष्यात दुसऱ्यांदा चालवली नाही.

सुंदरबाईंनी छडी ताटात घेतली. रिकामं ताट बरं दिसत नाही म्हणून कोणी हळद वाहिली, कोणी कुंकू, एकीने खण ठेवला. नदीवर मी ती दोन्ही हातांनी लांब फेकली. वेतच तो, तरंगला, भोवऱ्यात फिरला आणि सरळ माझ्या पायाशी आला. पुन्हा फेकली, पुन्हा आली. तिसऱ्यांदाही परत आली, तेव्हा बँड थांबला. सुंदरबाई पदर सावरत म्हणाल्या, ‘मायले जावानं नही शे, सर. तिनं मन शाळामाच शे.’ आणि बठ्ठ्या बायांनी, एकजात सगळ्यांनी, हात जोडले. (मीही जोडले. खोटं कशाला सांगू?)

तेव्हापासून छडीमाय माझ्या कार्यालयात, सरस्वतीच्या तसबिरीशेजारी, लाल कापडावर विराजमान आहे. सुंदरबाई दिवा लावतात. मुलं गणिताच्या पेपराआधी नवस बोलतात. आणि बरोबर तिच्या डोक्यावर ज्योत्स्ना मॅडमचा तक्ता आहे: ‘आमच्या शाळेत छडी नाही.’ येत्या पंधरा तारखेला पाहणी समिती येणार, शाळा भयमुक्त ठरवायला. मुलं छडीसमोर लोटांगण घालताना त्यांनी पाहिली, तर जूनपासूनची मेहनत मातीत जाईल. लपवू म्हटलं तर हळदकुंकू वाहिलेली वस्तू कपाटात कोंबायला माझा हात धजत नाही. सुंदरबाईंचा निवाडा असा, की लेक सासरहून माहेरीच जाऊ शकते, आणि तेही माहेरचा माणूस न्यायला आला तरच. छडीमायचं माहेर म्हणजे साक्री तालुक्यातलं तुमचं घर. तेव्हा आखाजीच्या सणाला भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येतो, तसे तुम्ही चौदा तारखेपर्यंत या आणि हिला घेऊन जा. बायका तिची ओटी भरायला तयार आहेत.

काकूंना नमस्कार. गच्चीवर जपून जा.

तुमचा आज्ञाधारक (दुसरा उपायच कुठे होता?),
योगराज

ता. क. गुडघ्यामुळे जमणार नसेल, तर भूषण येऊन छडी नेऊ शकतो, हे मला कळतं. तरी तुम्हीच या. कारण पुढे लिहितो.

ता. क. दुसरा. चौथीतल्या कशिशने परवा परिपाठात विचारलं, ‘सर, तुम्हाला लहानपणी शाबास कोण म्हणायचं?’ सगळी शाळा बघत होती. मी सांगून टाकलं, आमचे झुलाल नाना रोज म्हणायचे. नाना, तुम्ही चार वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत. देवाचं नाव घेणारा माणूस मी, पण पोरांसमोर खोटं बोललो, आणि आता ती तुम्हाला बघायला उत्सुक आहेत. तेव्हा आल्यावर सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन एक चांगली गोष्ट सांगा. एकच.

ता. क. तिसरा. काहीच आठवलं नाही, तर माझा शर्ट स्वच्छ आहे म्हणा. मी त्या दिवशी धुतलेला, इस्त्री केलेला घालीन.