मेलेल्या गाठीचे तीन इलाज

४ जून
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
तीस वर्षं कुत्र्यांना शिस्त लावली, त्याचं बक्षीस मिळालं. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची गाठ माझ्या यकृतात निघाली, चांगली लिंबाएवढी! पहिल्या इस्पितळात शल्यविभागापुढची रांग छोटी दिसली म्हणून तिथे बसलो. ते म्हणाले, कापू. दुसरीकडे औषधविभागात शिरलो, तर सहा महिने गोळ्या. तिसरीकडे सोनोग्राफीवाल्यांच्या तावडीत सापडलो. ते सुईने पाणी काढायला निघाले. गाठ तीच, फोटो तोच, इलाज मात्र दारागणिक वेगळा!

तुझ्या वहिनीला कापणंच पटलंय, एकदाची ब्याद जाईल म्हणते. वीस तारखेला भरती व्हायचंय. तू रोज सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसतेस, म्हणून फोटो धाडतोय. भीती वाटते गं. वहिनीला सांगू नकोस.
न मागता तुझा लोभ मिळतो, म्हणून मागत नाही.
दादा

८ जून
ती. दादास शि. सा. न. वि. वि.
रांग बघून इलाज निवडणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका माझा भाऊ! फोटो आमच्या सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. गाठीवर चुन्याचं कवच चढलंय, जंत कधीच मेलाय. आत पाणीच नाही, तर सुईवाले काय काढणार होते, कपाळ? वर्षातून एकदा फोटो काढ, बाकी काही करू नकोस. वीस तारखेला घरी बस.
वहिनीला नमस्कार, तुला दटावणी.
ठमी

१२ जून
चि. ठमीस आशीर्वाद.
तुझं पत्र शल्यविशारदांना दाखवलं. ते हसले. म्हणाले, बहीणबाईंच्या इस्पितळात अशा गाठींचं काय करतात ते विचारा, मग बोलू. वहिनी त्यांच्याच बाजूची. आता खरं काय ते सांग, म्हणजे मी मोकळा.
उत्तराची वाट बघतोय, उशीर करू नकोस.
दादा

१५ जून
ती. दादास शि. सा. न.
आमच्याकडेही कापतात. कापलेली गाठ माझ्या टेबलावर येते. मी भिंगाखाली बघते, 'जंत जुना, मृत' असं लिहून सही करते. तो कागद फायलीत जातो, कुणी वाचत नाही. आपल्याला काय करायचंय, म्हणत मी अकरा वर्षं गप्प बसले.

गेल्या महिन्यात एक शाळेतल्या बाई आल्या होत्या. त्यांचीही गाठ मेलेलीच होती. त्या ऑपरेशनच्या टेबलावरून उठल्या नाहीत. त्यांच्या कागदावरही मी तेच लिहिलं, आणि डबा खायला गेले. लाज वाटते रे दादा.

उद्या ते सगळे कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाणार आहे. तेही हसतील, हसू देत. हे पत्र वहिनीला वाचून दाखव, आणि भरती होऊ नकोस. तू माझा भाऊ नसतास, तर तुझ्याही गाठीखाली मी मुकाट्याने सही केली असती.
रागावलास तरी पत्र टाक.
ठमी