पान तीनवरचा माझा आजा

भाऊ,

तुम्ही गेलात त्या दिवशी मी अमरावतीतच होते आणि अकोल्याला पोचायला मला दोन-अडीच तास पुरले असते. आले नाही. तुमच्या घरी काकूंना नंतर सांगितलं की अंगात ताप होता. ताप कसला, राग होता. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, ते बंद पडून तिथं चष्म्याचं आलं, पण माझा राग काही जागचा हलला नाही. मेलेल्या माणसाशी भांडणाऱ्या बाईला लोक खुळी म्हणतील. म्हणोत. आज मी भांडणार आहे आणि तुम्हाला ऐकून घ्यावं लागणार आहे, कारण मध्येच हात वर करून "थांब वं बाई" म्हणायला तुम्ही नाही.

माझं आता अमरावतीत तहसीलसमोर दुकान आहे. टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, पत्रकं, सगळं करते. गेल्या महिन्यात आपल्या साहेबांचा एक कार्यकर्ता आला. आपले साहेब म्हणजे तेच, ज्यांच्या वाढदिवसाला आपलं साप्ताहिक दरवर्षी चार पानांची पुरवणी काढायचं आणि संपादक म्हणून तुम्ही अग्रलेखात त्यांना 'जनतेचा आधारवड' लिहायचात. अजून आहेत ते. दात नवे बसवलेत, केस काळे केलेत, बाकी तेच. स्वतः कुठून उभे नाहीत, पण मेळघाटात त्यांच्या पक्षाचा माणूस उभा आहे आणि हे प्रचाराला जाणार. "ताई, अर्जंट मारून द्या, सेमाडोहले सभा हाय," म्हणून त्यानं कागद पुढं टाकला. वर मथळा, 'डोंगराचा नातू येतोय'. खाली लिहिलं होतं की साहेबांचे आजोबा कोरकू होते, मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी उभ्या करतात त्या सागवानी पाट्या ते आसपासच्या गावांना कोरून देत, आणि त्यांनी कोरलेल्या घोड्याचा एक कान नेहमी मागं वळलेला असे, कारण चांगला घोडा पाठीवरच्या माणसाचं ऐकत चालतो.

मी म्हटलं, "हे कुठून आणलंत?" तो म्हणाला, "नेटवर हाय ना ताई. ज्ञानकोशात. थितं खोटं थोडीच राहते?"

भाऊ, तो घोडा माझ्या आजाचा आहे. हे तुम्हाला माहीत होतं. डोंगराखाली हे माहीत असलेली तेव्हा चार माणसं होती, त्यातले एक तुम्ही.

त्याला संध्याकाळी यायला सांगितलं आणि ते पान उघडलं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश असतो, त्यात कोणीही लिहू शकतं, आणि प्रत्येक पानाच्या मागं एक चर्चेचं पान असतं. तिथं लोक खोटी नावं घेऊन एकमेकांची गचांडी धरतात. साहेबांच्या पानावर 'कुटुंब' या मथळ्याखाली माझा आजा बसलेला, आणि त्याच्यापुढं एक बारीक आकडा. आकड्यावर बोट दाबलं की खाली उघडतं, आपल्या साप्ताहिकाचं नाव, वाढदिवस पुरवणी, पान तीन. त्यावरून मागं नुसती धुळवड चाललेली. एक म्हणतो, साहेबांचे आजोबा काळ्या मातीतले बागायतदार, घरची कापसाची जिनिंग होती, कोरकू कुठून झाले? दुसरा म्हणतो, छापील पुरावा आहे, तुमच्या पोटात का दुखतं? तिसरा म्हणतो, जाहिरातीची पुरवणी हा काय पुरावा झाला? चौथा सरळ आईवरच गेलेला. महिनोन् महिने चाललंय हे. आणि ज्या माणसावरून चाललंय त्याचं नाव त्यातल्या एकालाही माहीत नाही.

तुम्हाला आठवतं का, मी टायपिंगची ऑपरेटर म्हणून कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात बाजार समितीची एक बातमी एकाच माणसाच्या सांगण्यावरून टाईप केली होती? तुम्ही सगळ्यांसमोर ते पान टराटरा फाडलंत. "हे तुले कोनं सांगतलं? एकानं? मंग दुसऱ्याले काहून नाई इचारलं? आपल्या पेपरात हवा छापत नाई बाई, बातमी छापतो." मी संडासात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमची प्रूफ वाचायची पोलादी पट्टी आणून दिलीत. म्हणालात, ओळीखाली धर, म्हणजे ओळ निसटत नाही. केवढी फुशारले होते मी! घरी जाऊन बापाला दाखवली. ती पट्टी आजही माझ्या टेबलावर आहे, तेवढी तुमची एक वस्तू मी फेकली नाही.

आणि मग ते स्वयंपाकघर. अंकाच्या दिवशी मी जुन्या शहरात तुमच्याच घरी जेवायची. काकू चुलीपाशी भाकरी थापतायत, मी वांगी चिरून देतेय. काकूंनी विचारलं, "गाव अंजनगाव, ते तं मालूम हाय, पन मूळचे कुठचे वं तुमी?" छापखान्यात मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बाप अंजनगाव सुर्जीला पानमळ्यात कामाला आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक. बापानंच बजावलं होतं की डोंगराचं नाव खाली काढायचं नाही, लोक आधी हसतात आणि मग ताट वेगळं ठेवतात. पण काकूंनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली होती आणि मला काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगत सुटले. आम्ही कोरकू. आजा सेमाडोहकडचा. पाट्या कोरायचा, त्यावर चांद, सूर्य, घोडेस्वार. ती पाटी झाडाखाली उभी केली की मेलेला माणूस पितरांत जाऊन बसतो, नाहीतर तसाच बाहेर राहतो असं आमच्यात मानतात. अख्ख्या गावांना पाट्या दिल्या त्यानं, आणि त्याची स्वतःची मात्र कोणी उभी केली नाही, कारण माझा बाप तोवर पोटासाठी खाली उतरला होता आणि परत गेलाच नाही. तुम्ही दारात हात पुसत उभे होतात. एवढंच विचारलंत, "घोड्याचा कान मांगं काहून?" मला इतकं बरं वाटलं की तुम्ही विचारलंत! मूर्ख मी. तुम्ही माल तपासत होतात.

पुढच्याच पुरवणीत पान तीनवर आठ ओळी मजकूर कमी पडला. तुम्ही हातानं लिहिलेली चिठ्ठी माझ्या टेबलावर टाकलीत. मी वाचली आणि म्हटलं, "भाऊ, हा तं माहा आजा हाय."

"मालूम हाय मले."

"मंग?"

"मंग काय? साहेबाच्या घरचं सांगासारखं हायेच काय? जमीन, जिनिंग, पुन्हा जमीन. वाचनाऱ्याले झोप येते."

"पन हे खरं नाई ना."

"खरंच हाय ते. फक्त मानूस बदलला," तुम्ही म्हणालात, आणि चष्मा कपाळावर सरकवून वर म्हणालात, "तुह्या आज्याच्या नावानं छापलं तं कोन वाचनार हाय, सांग? साहेबाच्या नावानं निदान जिल्हा तं वाचीन."

लाज वाटायला हवी होती तुम्हाला. बाजार समितीच्या बातमीला दोन माणसं लागतात आणि माझ्या आजाला एकही नाही! पण मीही काय केलं? खुर्चीवर बसले आणि टाईप केलं. पट्टी धरून प्रूफ वाचलं, एक चूक निघाली नाही. माझा आहे म्हणून ओरडले असते तर मी कोण ते सगळ्या छापखान्याला कळलं असतं. कागद कापणारा कटिंगवाला अंकाच्या घड्या घालताना म्हणाला, "कोरकू म्हंजे का असते बे?" आणि खी खी हसला. त्याच्याबरोबर मीही हसले. ते हसू आजही आठवलं की तोंड कडू होतं.

तर आता त्या ज्ञानकोशात मी खातं उघडलं आणि लिहिलं, ही माहिती चुकीची आहे, ते साहेबांचे नाहीत, माझे आजोबा आहेत. झालं! साहेबांची माणसं म्हणाली, विरोधकांनी बसवलेली बाई आहे. विरोधक म्हणाले, बघा, खुद्द आदिवासी बाईच साहेबांना भामटा म्हणते. मी तसं म्हटलेलंच नव्हतं. एकानं लिहिलं, खरी कोरकू बाई असं शुद्ध मराठी टाईप करत नसते. त्याला काय उत्तर देऊ? तिला पानं फाडून शिकवणारा संपादक मेला म्हणून सांगू? शेवटी तिथला जो कोणी कारभारी आहे त्यानं फार सभ्य भाषेत कळवलं की घरची आठवण हा स्रोत धरता येत नाही, छापील किंवा लेखी काही असल्यास द्यावं. मी स्क्रीनकडं बघून शिवी हासडली. छापील हवंय! छापलेलं ते मीच टाईप केलंय रे बाबा.

मग अकोल्याला गेले. काकू आता थकल्यात, आवाजावरून ओळखलं मला. तुमच्या अंकांच्या फायली अजून लोखंडी कपाटात आहेत. तुमची ती सवय मला तेव्हा आठवली, की कचेरीच्या प्रतीवर प्रत्येक मजकुराशेजारी तो कोणी दिला ते लाल पेन्सिलीनं लिहायचं. ती पुरवणी काढली. पान तीन. साहेबांचा हार घातलेला फोटो, त्याखाली माझा आजा, आणि समासात तुमचं तिरपं अक्षर, 'ऑपरेटर बाईचा आजा. साहेबाचा नव्हे. जागा भरायला.'

जागा भरायला! जिल्ह्यात खोटं वाटून दिलंत आणि कपाटाला खरं सांगून ठेवलंत. कोणासाठी? उंदरांसाठी? काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तवाच भांडली असतीस तं बरं झालं असतं वं माय." मी त्यांच्यावरही खेकसले. परतताना बसमध्ये वाईट वाटलं.

समासाचा फोटो मी चर्चेच्या पानावर चढवला. तीन दिवस शिव्यांचा पाऊस पडला. चौथ्या दिवशी कारभाऱ्यानं निकाल दिला, मजकूर वादग्रस्त आहे, स्रोत विश्वासार्ह नाही, सबब काढून टाकत आहे. म्हणजे मी जिंकले. आजाची ओळ गेली, तो बारीक आकडा गेला, आणि दोन्ही बाजूची माणसं लगेच साहेबांची जिनिंग कोणाच्या नावावर होती यावर भांडायला लागली. मी कारभाऱ्याला विचारलं, मग माझ्या आजोबांबद्दल वेगळं कुठं लिहिता येईल का? उत्तर आलं, त्यांची पुरेशी नोंद कुठं आढळत नाही, पान होऊ शकणार नाही. थोडक्यात, तुमच्या आजाला कोण वाचणार आहे. तुमचाच कोणी भाऊबंद असावा. पत्रकाचं म्हणाल तर ते मी केलं नाही, शेजारच्या दुकानानं करून दिलं, सेमाडोहची सभाही झाली म्हणे. मी ते पान पुन्हा उघडून तुमची पट्टी स्क्रीनला लावून पाहिली. वरचं वाक्य खालच्या वाक्याला जाऊन चिकटलंय. मध्ये काही होतं असं वाटतही नाही.

इथंच पत्र संपवणार होते. टाकायचं तर नाहीच, या पट्टीखाली राहील. पण तुम्ही मला एका बाजूनं लिहू नको असं शिकवलंत, तर एक सांगायचं राहिलंय ते सांगते.

ती पुरवणी निघाली त्या रविवारी मी अंजनगावला गेले होते. बापाला वाचता येत नव्हतं. मी अंक उघडला आणि पान तीन वाचून दाखवलं, फक्त साहेबांचं नाव गाळलं. फोटोवर तळहात ठेवला होता. बाप पानमळ्यातून आलेला, हातपाय ओले, तसाच दारात उकिडवा बसून ऐकत होता. घोड्याच्या कानापाशी आले तेव्हा त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "पुन्हा वाच." तीनदा वाचायला लावलं. डोंगराचं नाव काढू नको म्हणणारा माझा बाप उठून शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारायला निघाला तेव्हा मीच त्याला हाताला धरून बसवलं. मग तो म्हणाला, "भाऊले सांगजो. माह्या बापाची पाटी म्या नाई उभी केली, भाऊनं केली म्हना."

सांगते म्हटलं. सोमवारी तुम्ही चहा पिता पिता विचारलंत, "काय म्हने बाप, वाचली का पुरवणी?"

मी म्हणाले, "काही नाई."