गच्चीवरची दोरी

सांगली. रविवार, संध्याकाळ.

मशीन चालू झालं, हे आधी लिहून ठेवतो. छावणीतल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा घेतलेलं, कपडे धुणारं आणि वाळवणारंही. किती वर्षं मागच्या खोलीत बंद पडून होतं. पट्टा बदलला, हीटर बदलला आणि त्याच जोरावर सकाळी गच्चीवरची दोरी सोडून टाकली. कशाला सोडली? कुणी सांगितलं होतं?

पहिल्याच खेपेला सगळे पांढरे कपडे टाकले. उद्याच्या माजी सैनिकांच्या मेळाव्याचा शर्टसुद्धा. दुपारी दार उघडलं तर कपडे गरम, कोरडे आणि पिवळेधमक.

बायको म्हणाली, "आवं, माज्या भावाकडची हळद त्यातच असायची की. आत उंदीर शिरत न्हाईत."

हळदीची पिशवी मीच बाहेर काढली होती. ती तळाला फाटलीय, हे बघितलं नाही. ड्रम पुसला, पण त्याच्या भोकांमागं हात कुठं पोचतो? फौजेत एवढे ट्रक खोलले, पण ट्रकमध्ये कुणी हळद ठेवत नव्हतं.

शेजारचे बापू कुंपणावरून म्हणाले, "सुभेदार, लगीन कवा हाय?"

हळदीचा डाग जातो तो उन्हातच. बायकोनं कपडे पुन्हा हातानं धुतले, दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बांधा."

बांधली. शर्ट अजून लिंबाच्या रंगाचा आहे.

आत्ता मशीन परत खोलायला बसलो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "नीट पुसून घ्या. हळद आत ठेवायची हाय."