माझ्या दाढेची तिसरी बाजू

फेल्डहोवन, रविवार दुपार

तीर्थरूप दिनकरमामांस,

कुशलचा इथूनच वाकून नमस्कार. जयंतीमामींचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इथे मृदुला मजेत आहे आणि मी डाव्या बाजूने मजेत आहे, म्हणजे डाव्या बाजूने जेवतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तोंडी सांगितलेलं तुमच्या लेखी घडलेलंच नसतं.

ऑडिट खात्यात असल्यापासून तुम्ही आम्हा भाच्यांना बजावत आलात, की बिल कुणाचंही असो, तपासल्याशिवाय भरायचं नाही. त्या शिकवणीपायी काय झालं ते ऐका. माझी उजवी दाढ किडली, ती मी इथल्या डॉक्टर मारिट यांच्याकडून भरून घेतली. या देशात दातांच्या डॉक्टरला मनाला येईल ते बिल लावता येत नाही. प्रत्येक कामाला सरकारने एक कोड आणि जास्तीत जास्त किती घ्यायचे तो दर ठरवून दिलाय. तो कोड बघून विमा कंपनी पैसे देते, तेही तुम्ही दातांसाठी जादा विमा काढला असेल तर, आणि वर्षाची मर्यादा संपेपर्यंतच. (मोठ्या माणसांचे दात इथे मूळ विम्यात धरत नाहीत. अठरा वर्षं पूर्ण झाली की दात हा तुमचा खासगी शौक.)

तर बिल आलं. 'फिलिंग, दोन बाजू.' दाढेच्या जितक्या बाजू भरल्या तितका दर चढतो, आणि माझ्या जिभेला तर एकच बाजू लागत होती. मामा, आमच्या कंपनीत मला केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक पकडण्याचा पगार मिळतो. मी अख्खी एक बाजू कशी सोडणार? आरशापुढे मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून फोटो काढले, त्यावरून दाढेचं त्रिमितीय ड्रॉइंग केलं आणि ऑफिसमधल्या सिद्धार्थला दाखवलं. तो म्हणाला, पंप छान जमलाय. तरीही मी हटलो नाही. मृदुला म्हणत होती की आधी तोंडी विचार, पण मी भाचा तुमचा! सरकारी दरपत्रकाचं पान जोडून रीतसर लेखी तक्रार ठोकली.

मारिटबाईंनी बोलावून घेतलं. सोबत मृदुलाही आली (मी भांडू नये म्हणून). बाई अजिबात चिडल्या नव्हत्या, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. "बरं झालं विचारलंत," म्हणाल्या, मला आडवं केलं आणि तोंडात छोटा कॅमेरा सोडला. समोरच्या पडद्यावर माझी दाढ लाल भोपळ्याएवढी. त्यांनी बाजू मोजल्या. परत मोजल्या.

"तुमचं बरोबर आहे. बिल चुकलंय."

तोंडात कॅमेरा असताना जितकं विजयी दिसता येतं तितकं विजयी होऊन मी मृदुलाकडे पाहिलं.

"दोन नाही, तीन बाजू भरल्यात. मागची लिहायची राहून गेली."

मी ताबडतोब म्हणालो, जुनं बिल मला मनापासून आवडलंय, तेच राहू द्या. बाईंनी मान हलवली. "मी दर कमी लावू शकते, पण तीन बाजूंचं काम दोन बाजूंचं म्हणून कळवता येत नाही. आणि तुमच्या लेखी तक्रारीला मला लेखी उत्तर द्यावं लागणार." विम्याची मर्यादा तर दोन बाजूंतच संपली होती. तिसरी बाजू माझी एकट्याची. मी निरोपही न घेता बाहेर पडलो.

यावर कळस म्हणजे आमच्या मराठी मंडळात बातमी पसरली, की कुशलने डॉक्टरकडून चूक कबूल करून घेतली. (हे खरंच आहे, हीच तर पंचाईत.) परवाच्या स्नेहभोजनात दोघांनी आपापली बिलं माझ्यापुढे धरली आणि विश्वासरावांनी तर श्रीखंड वाढायच्या आत तोंडच उघडलं.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक (आणि म्हणूनच गोत्यात आलेला) भाचा,
कुशल

ता. क. खरं काम असं. मंडळाची सेक्रेटरी शलाका तुम्हाला फोन करेल. 'बिल कसं तपासावं' यावर तुमचं ऑनलाइन व्याख्यान ठेवायचं घाटतंय. तुमचं नाव माझ्याच तोंडून निघून गेलं. कृपया त्या दिवशी तुमचा घसा बसलेला असू द्या. नाहीतर शेवटी कुणीतरी उठून विचारणार, की कुशलला किती परत मिळाले?

आणखी ता. क. (हे मृदुलाचं. पत्र पोस्टात मी टाकणार आहे.) मामा, घसाबिसा काही बसवू नका, जरूर बोला. हा तणतणत बाहेर सायकलचं कुलूप काढत होता, तेव्हा मी काउंटरवर बिलाची दुसरी ओळ विचारली. त्याच दिवशी याचे दात साफ केले होते, आणि ते काम इथे पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने लावतात. दाढ बधिर व्हायची वाट बघत हा नुसता बसला होता, तो वेळही त्यात धरला गेला होता. मारिटने बघितलं, सॉरी म्हणाली आणि तेवढं वजा केलं. बिल शेवटी पहिल्याइतकंच आलं. फक्त हे त्याला इतक्यात कळू देऊ नका. हल्ली तो भाजीची पावतीसुद्धा न बघता खिशात घालतो, आणि घरात फार छान चाललंय.